टाकीच्या तळाशी : जुन्या गोव्याहून जुवे बेटापर्यंत

जुन्या गोव्यास येणारा यात्रेकरू बहुधा रस्त्याने येतो आणि रस्त्यानेच परततो. बॉम जेझूच्या बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे तो गुडघे टेकतो, समोरच्या से कॅथेड्रलच्या मनोऱ्यातील थोरली घंटा पाहतो, मेणबत्ती लावतो आणि गाडीत बसतो. नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झालेल्या अवशेषदर्शनाच्या सोहळ्यास आलेल्या असंख्य भाविकांपैकी किती जण व्हाइसरॉयच्या कमानीखालून चार पावले पुढे जाऊन नदीकाठी उभे राहिले असतील, कोण जाणे! वास्तविक या नगरीचा खरा दरवाजा तोच. राजधानी अधिकृतपणे पणजीस गेली ती 1843 साली. नगरीच्या भरभराटीच्या काळात येणारे राज्यपाल, धर्मगुरू आणि व्यापारी बहुधा मांडवीच्या पाण्यावरूनच येथे उतरत असत.

त्या काठावर उभे राहिले म्हणजे समोर दिवाडी बेट दिसते. बेटावरील टेकडीच्या माथ्यावर पिएदादचे शुभ्र चर्च उभे आहे. पूर्वेकडे कुंभारजुवे आणि त्यापलीकडे जुवे, म्हणजेच सांत इस्तेव्ह. सात शिरांच्या लांबलचक भेंडीसाठी हे जुवे साऱ्या गोव्यात नावाजलेले आहे. बेटांच्या कडेने तिवरांची गर्द झाडी, तिच्यामागे मातीचे बांध आणि बांधांच्या आड खाजणाची भातशेते. समुद्राची भरती नदीत दूरवर आत चढते, म्हणून या शेतांना लाकडी दारांची मानस असते. भरतीला दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. पाण्याला कोठवर येऊ द्यावे आणि कोठे अडवावे, हा या बेटांवरील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होय.

येथील माणसाचे जीवन होडीशी बांधलेले आहे. पूल झाले, तरी दिवाडीस जाणारा आजही फेरीबोटीची वाट पाहतो. 5 जुलै 1986 रोजी पणजीजवळील मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा थोरामोठ्यांनाही पुन्हा नावेचाच आसरा घ्यावा लागला होता. त्याही आधीच्या काळात प्रवाशांना पैलतीरी नेणाऱ्या मोटारलाँचला गोव्यातील लोक ‘गाझोलीन’ म्हणत. गाझोलीन म्हणजे पोर्तुगीज भाषेतील पेट्रोल. नावेला तिच्या इंधनाचेच नाव पडावे, हे मला प्रथम गमतीचे वाटे. पुढे वर्णिलेल्या प्रवासानंतर मात्र त्या नावातील शहाणपण ध्यानी आले. यंत्र कोणतेही असो, ते जे पिते त्यावरच चालते.

नोव्हेनाचे दिवस होते. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चौघे जण एका खासगी होडीतून जुव्यास निघालो. फायबरची बावीस फुटी होडी आणि तिच्या पाठीस लावलेली जुनी, दोन-स्ट्रोकची आउटबोर्ड मोटार. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे कारखाना काढणाऱ्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 साली आपली आउटबोर्ड मोटार विक्रीस आणली. तसे प्रयत्न त्यांच्या आधीही झाले होते. परंतु हाताने उचलून कोणत्याही होडीस लावता येईल अशा मोटारीचा खरा प्रसार तेथून पुढे झाला. इंजिन, पाती आणि सुकाणू हे सारे एकाच खांबावर, आणि पेट्रोलची टाकी मात्र वेगळी, होडीच्या तळाशी ठेवलेली. टाकी आणि मोटार यांना जोडणारी रबरी नळी. नळीच्या मध्यावर मुठीत मावणारा रबरी फुगा. निघण्यापूर्वी तो चारदोनदा दाबून पेट्रोल वर चढवायचे, अशी ही साधी रचना.

होडीचा मालक तिशीतला तरुण होता. पहाटे जाळे टाकावे, सणासुदीला प्रवासी न्यावेत, यावर त्याचा संसार चाले. बरोबर त्याचे वयोवृद्ध काका होते. ते तारवटी, म्हणजे उमेदीची सारी वर्षे मोठ्या जहाजांच्या इंजिनघरात काढून गावी परतलेले. पुतण्या त्यांना ‘तियू’ म्हणे, ते त्याला ‘पुता’ म्हणत.

दिवाडी डाव्या हातास ठेवून आम्ही वर चाललो. धुके विरळ होत होते. काठावरच्या चिखलात बगळे उभे होते आणि मागे कॅथेड्रलची घंटा वाजत होती. कुंभारजुव्याचा कालवा जेथे मांडवीस मिळतो, तेथवर आलो असू नसू, तोच मोटारीचा आवाज बदलला. ती अडखळू लागली. वेग वाढवावा तर दम तुटल्यासारखी होई, कमी करावा तर थोडी सावरे. तरुणाने फुगा दाबला. मोटारीने क्षणभर जोर धरला आणि मग ती बंदच पडली. नेमकी ओहोटी लागलेली. होडी हळूहळू मागे, कालव्याच्या तोंडाकडे वाहू लागली. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा हा कालवा दिसावयास शांत. परंतु त्याच्या चिखलात मगरींची वस्ती आहे, आणि खनिजाच्या बार्जेसही त्यातून जातात.

“नांगर टाक आधी. मोटार मग पाहू,” तियू म्हणाले.

नांगर धरला. होडी स्थिर झाली. तरुणाने मोटारीवरचे झाकण काढले आणि प्लग खोलण्यास पाना घेतला. त्याचा चेहरा उतरला होता. गेल्या तीन आठवड्यांत हे चौथ्यांदा घडत होते. एका दुरुस्तीवाल्याने त्याला निर्वाणीचे सांगून टाकले होते, की इंजिनाचे आयुष्य संपले, नवी मोटार घ्या. नवी मोटार म्हणजे लाखांची गोष्ट! सोसायटीच्या कर्जाचा अर्ज भरून तयार होता, आणि उरलेल्या रकमेसाठी बायकोच्या बांगड्या गहाण टाकण्याचे घरी ठरले होते.

“तियू, हे गेलेच आता. सगळे तेच म्हणतात.”

“सगळे मोटारीकडे बघून म्हणतात, पुता. टाकीत कोणी बघितले काय?”

त्यानंतरचा अर्धा तास मी जे पाहिले, ते वैद्याने रोग्याची नाडी पाहावी त्या तोडीचे होते. वृद्धाने पाना बाजूस ठेवावयास लावला. पहिल्याने त्यांनी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहिला. पेट्रोल बाहेर जाते तेव्हा त्याची जागा घेण्यास हवा आत यावी लागते. हा स्क्रू मिटलेला राहिला, तर टाकीत पोकळी निर्माण होऊन काही वेळाने मोटार उपाशी राहते, आणि माणूस उगीचच इंजिन खोलत बसतो. स्क्रू उघडा होता. मग त्यांनी फुगा दाबून सोडला. तो चपटाच राहिला, फार सावकाश फुगला. “अडथळा फुग्याच्या अलीकडे आहे, टाकीच्या बाजूला,” ते म्हणाले. फुगा कितीही दाबला तरी मऊच राहता, तर त्यांनी टाकी रिकामी आहे काय, की नळीत कोठून हवा शिरते, हे पाहिले असते. तो दगडासारखा घट्ट होऊनही मोटार बंद पडती, तर दोष पुढे, फिल्टरात वा कार्ब्युरेटरात शोधावा लागता. रबराचा एवढासा फुगा. परंतु समजणाऱ्याशी तो बोलतो.

त्यानंतर त्यांनी पिशवीतून स्वच्छ, पांढऱ्या काचेची एक बाटली काढली. मोटारीच्या छोट्या फिल्टराची वाटी काळजीपूर्वक सोडवून तिच्यातील पेट्रोल बाटलीत ओतले, बूच लावले आणि बाटली सावलीत उभी करून ठेवली. “हात लावू नका. दहा मिनिटे जाऊ द्या.” कोणी विडी पेटवू नये, अशी ताकीद त्यांनी आधीच दिली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते, डोळ्यांना दिसत नाही, आणि एका ठिणगीने भडकते.

दहा मिनिटांनी बाटली उन्हाकडे धरली. वर पिवळसर, पारदर्शक पेट्रोल. खाली बोटभर उंचीचा गढूळ, दुधी थर. आणि अगदी तळाशी तांबूस गंजाचे कण. तरुण बाटलीकडे पाहतच राहिला. रोग इंजिनाचा नव्हता, ते पीत असलेल्या द्रवाचा होता.

तियूंनी घरून लोखंडी डब्यात पाच लिटर ताजे पेट्रोल, योग्य प्रमाणात तेल मिसळून, बरोबर आणले होते. जुन्या टाकीची नळी काढून त्यांनी आपली दुसरी नळी त्या डब्यास जोडली. कार्ब्युरेटरच्या तळाचा लहान स्क्रू सैल करून आतला द्रव एका टिनाच्या डब्यात धरला. तोही दुधीच निघाला. फुगा दाबून ताजे पेट्रोल वाहते केले, स्क्रू आवळला, सांडलेले थेंब पुसून घेतले, आणि वाऱ्याने वास पूर्ण जाईपर्यंत आम्हांला थांबावयास लावले. मग दोरी ओढली. तिसऱ्या ओढीस मोटार सुरू झाली, थोडी खोकली, आणि जुवे येईपर्यंत एकदाही अडखळली नाही. संशयित टाकी आणि नळी बाजूस सारून नव्या पेट्रोलवर मोटार चालवून पाहणे, यासारखी स्वस्त आणि निर्णायक परीक्षा दुसरी नाही. ताज्या पेट्रोलवर ती नीट चालली, तर मोटार निर्दोष; तशीच रखडली, तर मग खुशाल मोटार खोलावी.

जुव्याच्या धक्क्यावर उतरल्यावर टाकी मोकळ्या जागी रिती केली. तळाशी गंजाचा आणि चिकट गाळाचा थर होता. शोषनळीच्या टोकाची जाळी त्याने जवळजवळ बुजली होती. झाकणाची रबरी चकती वाळून तडकली होती. पावसाळ्याचे चार महिने ही टाकी अर्धी भरलेली, आंब्याच्या झाडाखाली, नुसत्या फाटक्या ताडपत्रीआड पडून होती. पाणी कोठून शिरले, हे आणखी सांगावयास नको.

वाचक विचारतील, की पेट्रोलमध्ये पाणी जाणे ही काय नवी गोष्ट? नवी नव्हे, परंतु तिचे रूप बदलले आहे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये गेलेले पाणी सरळ तळाशी बसे आणि तेथेच राही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे उसापासून वा धान्यापासून केलेला मद्यार्क, मिसळलेला असतो. आपल्या देशात हे मिश्रण 2022 मध्ये दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले. 2023 पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले आणि 2025 मध्ये ते सर्वत्र रूढ झाले. मद्यार्काला पाण्याची ओढ असते. दमट हवेतील बाष्पही तो हळूहळू शोषून घेतो. थोडे पाणी तो आपल्यात विरवून टाकतो आणि ते पेट्रोलबरोबर जळूनही जाते. इथवर ठीक. परंतु त्याच्या या सहनशीलतेला सीमा आहे. दहा टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे सुमारे 5 मिलिलिटर, वीस टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून काहीसे अधिक. चोवीस लिटरच्या टाकीत चहाच्या कपभर पाणी म्हणजे सीमेच्या आसपासच आले म्हणावयाचे. ती सीमा ओलांडली, अथवा रात्री गारठा पडून ती सीमाच खाली आली, की मद्यार्क पेट्रोलची संगत सोडतो, पाण्याशी हातमिळवणी करतो आणि दोघे मिळून तळ गाठतात. टाकीची शोषनळी नेमकी तळाशीच असते.

जुन्या दोन-स्ट्रोक मोटारीस यात केवळ बंद पडण्याचे भय नाही, त्याहून मोठे आहे. अशा मोटारीच्या आतल्या भागांना लागणारे वंगण वेगळे नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच तिचे वंगण. पेट्रोल फाटून दोन थर झाले, म्हणजे तेल वरच्या थरात राहते. खालचा थर ओढणाऱ्या मोटारीच्या पोटात तेल जातच नाही. ती कोरडी घासते, तापते, आणि एके दिवशी खरोखरच जाम होते. म्हणजे त्या दुरुस्तीवाल्याचे भाकीत आणखी महिन्याभराने कदाचित खरे ठरले असते! शिवाय मद्यार्क जुन्या टाकीतील वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतो आणि तो फिल्टराकडे धाडतो. जुन्या रबरी नळ्यांचे आतले अस्तर फुगवतो, पोखरतो. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून बुजलेली असू शकते. पंपवाल्याने भेसळ केली, असे म्हणणे सोपे असते. परंतु तशी तक्रार करण्यापूर्वी आपली टाकी, आपले झाकण आणि आपला पेट्रोलचा डबा यांची साक्ष घ्यावी, हे न्यायाला धरून होईल.

मग उपाय काय? तियूंनी धक्क्यावर बसून पुतण्यास जे सांगितले, ते होडी बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे. फाटलेले पेट्रोल पुन्हा सांधता येत नाही. त्यात नवे पेट्रोल ओतून वा बाजारातील औषधाची बाटली रिचवून ते सुधारत नाही. ते सगळे काढून टाकावे लागते. टाकी पुसून, वाळवून घ्यावी. आत गंज धरला असल्यास ती बदलावी. झाकणाची चकती नवी घालावी. नळी आणि फुगा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. टाकी आणि मोटार यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा मोठा फिल्टर बसवावा आणि त्याची वाटी वरचेवर पाहावी. तो फिल्टर थेंबे थेंबे आलेले पाणी अडवील, मात्र फाटलेल्या पेट्रोलला बरे करू शकणार नाही. पेट्रोल महिन्याभरात संपेल इतकेच भरावे. पावसाळ्यापूर्वी टाकी आणि कार्ब्युरेटर रिते करून मोटार कोरड्या जागी ठेवावी. आणि मोसमाच्या पहिल्या फेरीपूर्वी टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे.

काढलेल्या घाणीचे काय करावे, हा प्रश्न तरुणाने विचारला तेव्हा धक्क्यावरचा एक जण सहज म्हणाला, “टाका नदीत. ओहोटी आहे, जाईल वाहून.” तियू एकदम उठून उभे राहिले. “वाहून कुठे जाईल बाबा? तिसऱ्यांवर जाईल, खुब्यांवर जाईल. भरतीला परत येऊन मानशीतून शेतात शिरेल. तेच मग तुझ्या ताटात.” त्यांनी ते पेट्रोल झाकणाच्या डब्यात भरून, वर खूण करून, टाकाऊ तेल रीतसर घेणाऱ्याकडे देण्यासाठी बाजूस ठेवले. मला त्यांची सारी विद्या एकीकडे आणि हे एक वाक्य दुसरीकडे, असे वाटले.

आमच्या या प्रदेशातील कोळी बांधव 29 जून रोजी संत पेत्र आणि संत पॉल यांचा सण करतात. बार्देशातील काही गावी तेव्हा दोन होड्या एकत्र बांधून त्यावर ‘सांगोड’ उभारतात, गाणी-नाटके होतात, होड्यांना आशीर्वाद दिला जातो. भर पावसातील तो सण. नेमके त्याच दिवसांत होड्या काठावर विसावलेल्या असतात आणि टाक्यांत पाणी शिरत असते. आशीर्वाद घेतलेल्या त्याच दिवशी टाकी झाकली आहे ना, झाकण घट्ट आहे ना, हे पाहिले तर संत पेत्रास त्याचा राग खचित येणार नाही. तोही होडीवालाच होता, आणि जाळी धुण्याचे काम त्याला ठाऊक होते. शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दृष्टांतात शहाण्या कुमारींनी दिव्याबरोबर तेलही घेतले होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कुप्पीत तेल आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. ते निर्मळ आहे काय, हेही अधूनमधून उजेडात धरून पाहावे, असे त्या सकाळपासून मला त्या दृष्टांताबरोबरच आठवते. घरात एखादा माणूस वारंवार खचत असला, चिडत असला, तर ‘हा संपला’ असा निवाडा करण्यापूर्वी त्याच्या वाट्यास रोज काय येते, हे कोणी पाहिले आहे काय?

दुपारी जुव्यातील एका घरी भात, माशांची आमटी आणि त्या प्रसिद्ध भेंडीची भाजी असे जेवण झाले. नंतर आम्ही बेटावरील जुन्या किल्ल्याच्या टेकडीवर गेलो. तेथे ख्रिस्तराजाचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहिले, की नदीचे फाटे, खाजणे, बांध आणि बेटे यांचा सारा पसारा हातावरच्या रेषांसारखा दिसतो. तरुण आमच्याबरोबर आला नाही. तो धक्क्यावर टाकी उन्हात वाळवीत बसला होता. संध्याकाळी त्याने सांगितले, की कर्जाचा अर्ज तूर्त घरीच राहील. नवी नळी, नवा फिल्टर आणि एक नवी टाकी, एवढ्यावर भागणार होते. बांगड्यांचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही काढला नाही.

वाचकांपैकी कोणी येत्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणास, म्हणजे 3 तारखेस, जुन्या गोव्यास आलेच, तर दिवसभराची सवड काढून यावे. दिवाडीस फेरीबोटीने जावे, पिएदादच्या टेकडीवरून नदी पाहावी. पुढे जुव्यास जाण्यासाठी होडी ठरवली, तर भरतीओहोटीची वेळ विचारून घ्यावी, प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आहे काय ते पाहावे, वल्ही आणि नांगर होडीत आहेत ना याची खात्री करावी. आणि होडी जुनी असली, तर तांडेलास नम्रपणे एक प्रश्न आणखी विचारावा, की टाकी शेवटची केव्हा रिती केली होती? ज्याला उत्तर तत्काळ देता येईल, त्याच्या होडीत निर्धास्त बसावे.